पत्र्यातून घरात

किल्लारीच्या नव्या गावात सरजाबाईंचं घर कोणतं असं विचारलं, तर पाटीवरचा, म्हणजे फाट्यावरचा, चहावाला हमखास सांगतो, "ज्या घरात मानसं ऱ्हात न्हाईत ते." ही चेष्टा आहे, पण अगदीच खोटी नाही. मागं सरकारनं दिलेलं अडीचशे फुटांचं स्लॅबचं घर आणि त्याच्या पुढ्यात पत्र्याचं शेड. तीस-एकतीस वर्षं सरजाबाई आणि त्यांचे मालक व्यंकटी ड्रायव्हर शेडमध्ये राहत आले, आणि घरात राहत आलं सामान. ज्वारीची पोती, लोखंडी पेट्या, गोधड्यांची चळत, पितळी हंडे आणि डबेच डबे. परगावचा कुणी पाहुणा भाबडेपणानं विचारायचा, की तुम्ही बाहेर आणि डबे आत, हे काय गौडबंगाल आहे? त्यावर व्यंकटींचं उत्तर ठरलेलं होतं. "डब्याला भ्या वाटत न्हाई," ते म्हणायचे.

भ्यायचं कारण किल्लारीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्र्याण्णव सालच्या भूकंपात त्या पहाटे जुनं गाव भुईसपाट झालं, तेव्हा सरजाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. पुढं नवं गाव वसलं, रेघ मारल्यासारख्या सरळ गल्ल्या आल्या, मजबूत घरं मिळाली, पण त्या घरांत निजायला कुणी धजेना. सगळ्यांनी घरापुढं पत्रे ठोकले आणि तिथंच संसार मांडले. मग हळूहळू एकेकाची भीड चेपली. आधी तरणी पोरं आत गेली, मग नव्या सुना गेल्या, मग कूलर आले आणि कूलरच्या मागोमाग म्हातारेही आत सरकले. शेजारची शांतम्मा माहेरची कर्नाटकातल्या आळंदकडची, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. तीही अर्धी आत गेली. अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी, पाय घरात आणि डोकं उंबऱ्याबाहेर ठेवून ती दुपारची झोप काढते. सरजाबाई मात्र ढिम्म हलल्या नाहीत.

वर त्यांनी एक नियम काढला होता. कमरेच्या वर काही ठेवायचं नाही. घरात फळी नाही, खुंटी नाही, भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर पेटीला टेकवलेलं, आरसा पोत्याला टेकवलेला, त्यामुळं भांग पाडायला व्यंकटींना उकिडवं बसावं लागे. तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटोसुद्धा जमिनीलगत, चौरंगावर. विहारातली मंडळी आली की हळूच सुचवत, फोटो जरा वर लावा. सरजाबाई म्हणायच्या, वर काही लावत नाही मी, पण रोज पुढं बसते.

आणि गंमत अशी, की या बाईला मुळात घर नटवायचा लई शौक. लग्न होऊन जुन्या गावात आल्या तेव्हा सासरच्या मातीच्या भिंतींना त्यांनी चुन्यात निळीचा हात फिरवून असं काही रूप आणलं होतं, की सासू शेजारणींना बोलावून दाखवायची. गेरूचे पट्टे, कोनाड्याला नक्षी, दारावर मण्यांचं तोरण. तो शौक मेला नव्हता, फक्त घराबाहेर राहायला गेला होता. सरजाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत, आणि त्यांची अंगणवाडी पाहिली तर घोटीव कागदाच्या माळा, रंगीत भिरभिरी आणि भिंतीवर काढलेले पोपट यांच्यात पोरं शोधावी लागतात. कागद डोक्यात पडला तर काय होतंय, असा त्यांचा हिशेब. घरी आल्या की पुन्हा त्या कोऱ्या भिंती.

लुंबिनी, त्यांची एकुलती एक मुलगी, याच पत्र्यात वाढली आणि शिकून लातूरला स्टाफ नर्स झाली. तिला बघायला नांदेडहून मंडळी आली, तो किस्सा गल्ली अजून सांगते. पाहुण्यांना पत्र्यात कसं बसवायचं म्हणून सरजाबाईंनी घरातली पोती रचून जागा केली, सतरंजी अंथरली, आणि स्वतः उंबऱ्यावर बसून पोह्यांच्या बश्या आत सरकवू लागल्या. मुलगा आनंदराज, त्याची आई रेणुकाबाई, निवृत्त शिक्षिका, आणि एक मामा. बोलणी रंगात आली असताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी आला आणि घरातली सगळी भांडी किणकिणली. सरजाबाई वाऱ्यासारख्या आत घुसल्या, रेणुकाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना थेट रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं. एका हातात पोह्याची बशी, दुसरा हात सरजाबाईंच्या मुठीत. ट्रॅक्टर गाणी वाजवत निघून गेला. पोटची मुलगी आत चहा गाळत होती, तिच्याकडं सरजाबाईंनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

व्यंकटींना वाटलं, झालं, सोयरीक मोडली. पण रेणुकाबाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि परत आत येऊन आपल्या भावाला म्हणाल्या, "जी बाई स्वतःच्या आधी परक्या माणसाला बाहेर काढते, तिची लेक आपल्याला हवी." लग्न तिथंच ठरलं.

पुढं नांदेडला विहीणबाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सरजाबाई एकदाच मुक्कामाला गेल्या. सकाळी त्या खाली पार्किंगमध्ये सापडल्या, दोन स्कूट्यांच्या मधे चटईवर. तेवढ्या वेळात वॉचमनची बायको कुठली, पोरं किती, धाकट्याला दात आले का, ही सगळी माहिती त्यांनी मिळवली होती. रेणुकाबाईंनी चहा खालीच आणला. दोघी विहिणी पार्किंगमध्ये बसून चहा प्यायल्या आणि फ्लॅटमधली माणसं गॅलरीतून बघत राहिली.

असं हसतखेळत चाललं होतं. मग लग्नानंतरही लातूरलाच नोकरी करत राहिलेल्या लुंबिनीला दिवस गेले. तारीख मेची निघाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही काही लिहून ठेवायची गोष्ट नाही, ती असतेच. दवाखाना लातूरचाच राहणार होता, पण आधीचा महिना आणि नंतरचे तीन महिने लेकीनं आईकडं यायचं, असं सरजाबाईंनी मनात पक्कं केलं. डिंक आणला, खारका फोडल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला काढली.

फाल्गुनातल्या एका रविवारी लुंबिनी आली, शेडमध्ये आईच्या शेजारी बसली, आणि थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आली.

"आई, मला हितंच यायचंय. पन माझं लेकरू पत्र्यात न्हाई निजवायचं. मेच्या उनात पत्रा म्हंजे तवा असतोय."

"तू न्हाईस का वाढली पत्र्यात?"

"वाढले की. दहावीचा अभ्यास डोक्याला ओला टावेल बांधून केला. तेव्हा तुला कदी बोलले का मी?" लुंबिनीनं आईचा हात हातात घेतला. "घरात निजायचं असंल तर येते. तू बी आत. मी आन बाळ आत, आन तू भाईर जागत बसलीस, असं मला चालनार न्हाई. न्हाईतर मग नांदेडला जाते. सासूबाई घेऊन जायला तयारच हाईत."

बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत काय ते सांग म्हणून ती लातूरला निघून गेली.

सरजाबाईंना राग आला. पोटची पोर अट घालते म्हणजे काय? दोन दिवस त्या धुमसत होत्या. व्यंकटींना मीठ जास्त झालेली भाजी मिळाली, शांतम्माला पाणी भरताना टोमणे मिळाले, अंगणवाडीतल्या पोरांना मात्र नेहमीसारखीच माया मिळाली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या शेडमध्ये एकट्याच पडल्या होत्या. वर पाहिलं तर पत्र्यातून धग खाली उतरत होती. त्यांनी एका दुपट्याची घडी शेजारी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बघितला. कापड काही वेळातच गरम झालं. पोर बरोबर बोलत होती. ती बरोबर होती म्हणूनच तर राग आला होता.

संध्याकाळी व्यंकटी गावातून आले. त्यांनी तीस वर्षं किल्लारी-लातूर जीप चालवली. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून जीप गेली, पण रोज पाटीवर जाऊन सुटणाऱ्या गाड्यांना हात दाखवून येतात. सरजाबाई त्यांना म्हणाल्या, "अवो, उद्या पोती भाईर काडा. घर रंगवायचंय. आतून."

व्यंकटींनी चप्पल काढता काढता परत घातली. जयंतीच्या आधी गल्लीतली सगळी घरं रंगतात, तशी यांच्याही घराची दर्शनी भिंत दरसाल रंगायची, पांढरी, खाली निळा पट्टा. आतून रंग असा कधी लागलाच नव्हता. बाई शुद्धीवर आहे ना, म्हणून त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं.

सामान काढायला दोन दिवस लागले. बघायला गल्ली लोटली, कारण तीस वर्षांत कुणी आत डोकावलं तरी डब्यांपलीकडं काही दिसलं नव्हतं. लुंबिनीची तीनचाकी सायकल निघाली. तिच्या लग्नात आलेली सात भिंतीवरची घड्याळं निघाली, सगळी खोक्यात, कारण लावायची कुठे? कधीतरी हरवल्यावरून भांडण झालेली शांतम्माची परातही निघाली. शांतम्मानं ती ओळखली, उलटी करून नाव वाचलं, आणि मोठ्या मनानं फक्त दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरली. सगळं बाहेर गेल्यावर सरजाबाई रिकाम्या घरात उभ्या राहिल्या. दार सताड उघडं होतं आणि एक पाय दाराकडंच होता. तरी त्यांनी पाहिलं. पूर्वेची खिडकी आहे, तिच्यातून उन्हाची तिरीप येते आणि समोरच्या भिंतीवर पडते, हे इतक्या वर्षांत पोत्यांनी त्यांना कळूच दिलं नव्हतं. घर बरं आहे की, असं त्या मोठ्यांदा म्हणाल्या, आणि आवाज घुमला म्हणून लगेच बाहेर आल्या.

रंगाचं आणि मिस्त्रीकामाचं सरजाबाईंच्या भावाचा मुलगा धम्मानंद बघणार होता. तो निलंग्याचा, दोन्ही कामांत तरबेज, आणि स्वभावानं सोशिक. सोशिक नसता तर पुढचे पंधरा दिवस तो टिकलाच नसता. त्यानं रंगांचं पुस्तक आणलं. व्यंकटींचं मत क्रीम कलरला, मळ दिसत नाही म्हणून. सरजाबाईंनी पुस्तक चाळलं आणि मिटवलं. यातला एकही नको. तीन भिंती कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारख्या, आणि खिडकीसमोरची भिंत करडईच्या फुलाची. करडईचं फूल तरी एका रंगाचं असतं का? उमलताना पिवळं, मावळताना केशरी. सरजाबाईंना मधलं पाहिजे होतं. त्यांनी पदराच्या टोकाला करडईच्या पाकळ्या बांधल्या आणि धम्मानंदबरोबर औशाच्या रंगाच्या दुकानात जाऊन त्या काउंटरवर ओतल्या. दुकानदारानं यंत्रावर तीनदा रंग बनवला. पहिला हळद निघाला, दुसरा गाजर. तिसऱ्याला सरजाबाईंनी बोट बुडवलं, उन्हात धरलं आणि मान डोलावली. पडदे त्यांनी लातूरला गंजगोलाईत जाऊन स्वतः निवडले. बारा दुकानं फिरून पहिल्याच दुकानातले घेतले.

रंग लागला तसतशी बाई खुलत गेली. सकाळी अंगणवाडी, दुपारी भिंत. ब्रश हातात घेतला की त्या आत किती वेळ आहेत हेही विसरत. एकदा तर अर्धा तास दाराकडं पाठ करून उभ्या होत्या. व्यंकटींनी ते पाहिलं आणि ते शहाणपणानं पाटीवर निघून गेले.

खरी लढाई झाली ती फळीची. धम्मानंद म्हणाला, आत्या, डबे ठेवायला फळी डोक्याच्या वर घेऊ, खाली बाळाला रांगायला जागा होईल. आत्या म्हणाली, गुडघ्याएवढी घे. त्यानं गुडघ्याएवढी ठोकली. ड्रिल चालू असताना सरजाबाई रस्त्यावर उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी फळीवर एक स्टीलचं ताट ठेवलं आणि समोर बसून रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत ताटाकडं बघत राहिल्या. ताट पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, एक वीत वर घे. तिसऱ्या दिवशी आणखी एक वीत. कमरेवर आली तेव्हा दोन दिवस काम थांबलं. छातीशी आली तेव्हा ताटाच्या जागी डाळीचा डबा आला. धम्मानंदची बायको फोनवर विचारायची, एका फळीला किती दिवस? तो म्हणायचा, फळी चढायली, अजून पोचली न्हाई.

नवव्या दिवशी फळी डोक्याच्या वर गेली आणि तिच्यावर बारा डबे एका रांगेत उभे राहिले. खाली भिंतीवर मात्र भोकांची एक रांग गुडघ्यापासून वर चढत गेलेली. धम्मानंद लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ती बुजवायला निघाला, तर सरजाबाईंनी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली. लांबी त्यांनीच भरली, आणि प्रत्येक भोकाच्या जागी एक करडईचं फूल काढलं. खालून वर जाणारा वेल झाला. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, ही डिझाईन कुठली हो? सरजाबाई म्हणाल्या, माझी हाय.

त्याच दिवशी त्यांनी स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं दोन खिळे ठोकले. व्यंकटींनी स्टूल धरलं होतं. तथागत आणि बाबासाहेब चौरंगावरून उठून भिंतीवर गेले. सरजाबाई खाली उतरल्या, चार पावलं मागं सरकल्या आणि मान वर करून हात जोडले. त्यांना फार आनंद झाला, आणि त्या आनंदात इतक्या वर्षांची थोडी लाजही होती.

आता काम संपलं, असं धम्मानंदला वाटलं. हत्यारं गोळा करताना त्यानं सहज विचारलं, "आत्या, पाळना कुठं येनार?"

व्यंकटी पटकन म्हणाले की त्याची काळजी नको, नांदेडच्या विहीणबाई स्टँडचा पाळणा आणणार आहेत, स्टीलचा, खाली चाकं असलेला. सरजाबाई उठून शेडमध्ये गेल्या आणि बाजेवर बसल्या.

नवरा-बायकोमध्ये एक बोलणं एवढ्या वर्षांत झालं नव्हतं. लुंबिनीच्या आधी त्यांना एक मुलगा होता, सुगत. पाच महिन्यांचा. जुन्या घराच्या मातीच्या माळवदाखाली जाड लाकडी तुळवट होता, त्याला दोर टाकून सरजाबाईंनी त्याचा पाळणा बांधला होता. घरात सगळ्यांत हवेशीर जागा तीच. वर लाकडाचे राघू टांगले होते, रंगीत खुळखुळे लावले होते, सासूनं कडाकडा बोटं मोडून कौतुक केलं होतं. त्या पहाटे तुळवट खाली आला. बाकी सगळे वाचले. सुगत वाचला नाही. कमरेच्या वर काही नको, हा नियम भूकंपातून आला असं गाव समजत होतं. तो पाळण्यातून आला होता. जागा मी निवडली, दोर मी बांधला, नटवायची हौस माझी, असं सरजाबाईंनी स्वतःला त्या दिवशी सांगितलं आणि मग दुसरं कुणाचं काही ऐकलं नाही. दुसरं कुणी काही बोललंही नाही.

व्यंकटी बाजेपाशी आले आणि खाली जमिनीवर बसले. बराच वेळ त्यांनी टोपीची घडी घातली, मोडली. मग म्हणाले, "तुळवट माझ्या आज्यानं घातलेला. भिंत माझ्या बापानं रचलेली, चिखलात. तू फकस्त दोर बांधलास, सरजा. दोर तर शेवटपातुर सुटला न्हवता."

सरजाबाई रडल्या. मनसोक्त रडल्या, शांतम्मा कुंपणावरून बघत असतानाही रडल्या. व्यंकटींनी हे वाक्य किती वर्षं जवळ ठेवलं होतं कोण जाणे. जीपमध्ये वीस माणसं कोंबणाऱ्या या माणसाला एवढी गोष्ट बायकोला सांगायला जागा सापडली नव्हती. डोळे पुसून झाल्यावर सरजाबाईंनी धम्मानंदला हाक मारली, आणि सांगितलं की कडी लाव, स्लॅबात, मधोमध, करडईच्या भिंतीसमोर.

धम्मानंदनं स्लॅबला भोक पाडलं, आतली सळई गाठली आणि तिच्यात कडी अशी काही अडकवली, की तो म्हणाला, आत्या, आता घर गेलं तरी कडी ऱ्हाईल. मग आपण काय बोललो हे कळून त्यानं जीभ चावली. सरजाबाई मात्र हसल्या. तीन दिवस कडीला हात लावायचा नव्हता. चौथ्या दिवशी त्यानं सिमेंटची दोन पोती दोराला बांधून लोंबकळती ठेवली. दिवसभर पोती लोंबली. येणारे-जाणारे त्यांना ढोसून बघत होते. संध्याकाळी पोती सोडताना धम्मानंद म्हणाला, झाली परीक्षा.

सरजाबाई म्हणाल्या, सिमेंटाच्या पोत्याला कुठं भीती वाटते? परीक्षा व्हायची आहे.

दुसऱ्या दिवशी, जयंतीला दोन दिवस राहिले असताना, अंगणवाडी आटोपून त्या आल्या. नवं इरकल लुगडं पेटीतून काढलं, चौपदरी करून कडीतून ओवलं आणि खाली झोळीसारखी गाठ मारली. गाठ दोनदा ओढून बघितली. दारात व्यंकटी उभे होते, काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला, पण अडवायची हिंमत झाली नाही. सरजाबाई झोळीत बसल्या. आधी नुसत्या टेकल्या, दोन्ही पाय फरशीवर घट्ट. मग वर पाहिलं. लुगड्याचे दोन काठ, त्यांच्या टोकाला कडी, कडीच्या वर स्लॅब, पांढराशुभ्र. त्यांनी एक पाय उचलला. मग दुसरा.

कडी कुरकुरलीसुद्धा नाही. पासष्ट किलोची बाई स्लॅबाखाली अधांतरी बसली होती आणि काही होत नव्हतं.

"अवो," त्या दाराकडं न बघता म्हणाल्या, "ढकला की जरा."

व्यंकटी आत आले आणि त्यांनी इतकं हळू ढकललं, की झोका जेमतेम वीतभर हलला. सरजाबाईंनी विचारलं, जीप अशीच चालवत होता का? मग ड्रायव्हरचा स्वाभिमान जागा झाला आणि झोका चांगला भिंतीपर्यंत गेला. सरजाबाईंचा पदर उडाला, करडईची भिंत जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. त्या हसू लागल्या. आधी हळू, मग पोट धरून. ते हसणं ऐकून शांतम्मा आली, दारात थबकली, म्हणाली, "यव्वा, ह्या वयात?" आणि लगेच, "उतर आता, मला बसू दे." डोक्यासकट पुरती आत आलेली शांतम्मा व्यंकटींनी प्रथमच पाहिली. तिला दोन झोक्यांत घेरी आली, "साकु, साकु, पुरे" म्हणत ती उतरली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. रांग अशासाठी, की तोवर गल्लीतल्या आणखी तिघी आल्या होत्या, सगळ्या पन्नाशी-साठीच्या, सगळ्यांनी ती पहाट पाहिलेली. कुणी डोळे मिटून बसलं, कुणी गाणं म्हटलं, एकीनं वर बघून स्लॅबाला दोन खरमरीत शिव्या दिल्या आणि मग मोकळ्या मनानं झोका घेतला.

लातूरहून आनंदराजनं लुंबिनीला आणून सोडलं ते नेमकं या गर्दीत. काय ठरलं हे आईनं फोनवर सांगितलं नव्हतं, नुसतं ये म्हटलं होतं. जड पावलांनी, एक हात कमरेवर ठेवून ती दारात आली. आत पुन्हा सरजाबाईंची पाळी चालू होती.

"आई," लुंबिनी म्हणाली, "माझ्या लेकराचा पाळना ना ह्यो?"

"तवर आमचा हाय," सरजाबाई झोक्यातून म्हणाल्या. "नंबर लाव."

लुंबिनी हसता हसता दाराला टेकली. मग तिनं घर पाहिलं. फळीवरचे डबे पाहिले, वेल पाहिला, मान वर करून फोटो पाहिले, आणि सगळ्यांत शेवटी ती कडी. सुगतबद्दल तिला ठाऊक होतं. आत्यांच्या तोंडून कधीकाळी ऐकलेलं, आईला कधी न विचारलेलं. ती पुढं झाली, झोका दोन्ही हातांनी थांबवला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बायका समजूतदारपणे पांगल्या. शांतम्मा सोडून.

जेवणं झाली. ऊन चढलं होतं, पण आत भिंती गार होत्या आणि पडदा ओढल्यावर खोलीत करडईचा उजेड पसरला होता. कडीखाली गादी घातली होती, तिच्यावर लुंबिनी कुशीला वळून पडली. सरजाबाई तिचे सुजलेले पाय चोळत बसल्या. नांदेडच्या विहीणबाई जयंतीला येतात का, पोराला दुपटी किती लागतील, असं बोलता बोलता त्या म्हणाल्या, मी आपली जराशी टेकते, कंबर दुखायली. त्यांनी लेकीच्या पायाशी अंग टाकलं. थोडा वेळ त्यांची नजर वरच्या कडीवर होती. मग हातातला लेकीचा पाय तसाच राहिला आणि डोळे मिटले.

बाहेर शेडमध्ये व्यंकटी बाजेवर पडले होते. घोरण्याचा आवाज त्यांना चांगला ओळखीचा, पण आज तो घरातून येत होता. ते उठून दारात आले. लुंबिनी जागी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. व्यंकटी उंबऱ्यावर उभे राहून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले. मग मागं फिरले, बाज डोक्यावर घेतली आणि तिचे पाय कुठं घासू न देता आत आणून स्वतःसाठी हळूच भिंतीलगत टाकली. दार त्यांनी उघडंच ठेवलं, एवढी सवय एका दुपारीत कुठून जाणार.